लायसन घरी आहे, साहेब

पुण्यात, नागपुरात किंवा एखाद्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या चौकात थोडा वेळ उभं राहिलं तरी हे वाक्य कानावर पडतं. हवालदार हात करतो, गाडी बाजूला घ्यायला लावतो, लायसन मागतो आणि समोरचा म्हणतो, “आहे साहेब, घरी राहिलंय.” हे वाक्य खरं असेल तर कायद्याच्या लेखी ती किरकोळ चूक आहे. खोटं असेल तर गुन्हा मोठा आहे. दोन्हींच्या दंडात दहापट अंतर आहे आणि खरं-खोटं करायचं ते तिथेच, भर उन्हात, मागे हॉर्न वाजत असताना. हे अंतर पोलिसाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, आणि आता तसं सोडायचं कारणही उरलेलं नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटारगाड्यांबद्दल देशपातळीवरचा पहिला कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा. आज चालतो तो १९८८ चा, १ जुलै १९८९ पासून लागू झालेला. त्याचं कलम ३ सांगतं की वैध लायसन असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची नाही. कलम १३० सांगतं की गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर चालकाने लायसन तपासायला द्यायचं. या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि त्या मोडल्याच्या शिक्षाही वेगळ्या. लायसनच नसताना गाडी चालवली तर कलम १८१ लागतं: ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसन आहे पण दाखवता आलं नाही, तर त्यासाठी स्वतंत्र शिक्षा लिहिलेली नाही. मग सर्वसाधारण शिक्षेचं कलम १७७ लागतं. पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १,५०० पर्यंत.

हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे. त्याआधी कलम १८१ चा दंड ५०० रुपयांपर्यंत आणि १७७ चा १०० रुपयांपर्यंत होता. म्हणजे हवालदाराने चुकीचं कलम लावलं तरी चालकाचं फार तर चारशे रुपयांचं नुकसान व्हायचं. १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर नवे दंड लागू झाले तेव्हा महाराष्ट्राने हात आखडता घेतला. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं. राज्यात वाढीव तडजोड शुल्क प्रत्यक्षात आलं ते डिसेंबर २०२१ मध्ये. तेव्हापासून चुकीच्या कलमाची किंमत साडेचार हजार रुपये झाली आहे. मजुरीवर जाणाऱ्याच्या कमाईतले ते कितीतरी दिवस.

गाडी दुसऱ्याची असेल तर गोष्ट तिथेच थांबत नाही. बिनलायसनवाल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकावर कलम १८० लागतं, त्याचाही दंड ५,००० रुपये. मित्राची बाइक घेऊन निघालेल्या, खरोखर लायसन असलेल्या पण खिशात नसलेल्या पोराची अशी दोघांमिळून दहा हजारांची पावती होऊ शकते, आणि मालकाला ते मोबाइलवर मेसेज येईपर्यंत माहीतही नसतं. पोलिसाच्या हातातल्या पावतीच्या यंत्रावर गुन्ह्यांची यादी असते. हवालदाराचं बोट त्या यादीतल्या कोणत्या ओळीवर पडतं, यावर सगळं ठरतं. म्हणून पैसे भरण्याआधी पावतीवर कलम कोणतं टाकलंय ते वाचणं ही पहिली गोष्ट. १३०/१७७ आहे की ३/१८१, एवढंच बघायचं. चुकीचं असेल तर तिथेच शांतपणे सांगायचं, आणि ऐकलं नाही तर पैसे भरायचे नाहीत. जागेवर पैसे भरणं म्हणजे तडजोड, आणि तडजोड सक्तीची नसते. न्यायालयात जाऊन, त्या दिवशी माझ्याकडे वैध लायसन होतं, हे दाखवायचा मार्ग मोकळा असतो. वेळ जातो, हे मात्र खरं.

आता त्या पंधरा दिवसांच्या मेसेजबद्दल. २०१९ मध्ये दंड वाढले तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सगळीकडे फिरला, आजही फिरतो: कागदपत्रं जवळ नसली तर पोलीस चलन करूच शकत नाहीत, पंधरा दिवसांची मुदत द्यावीच लागते. त्याच्या भरवशावर लोक चौकात हुज्जत घालतात. कलम १३० मध्ये पंधरा दिवस आहेत, पण ते विमा, फिटनेस, परमिट अशा कागदांसाठी. विम्याच्या प्रमाणपत्रासाठी कलम १५८ मध्ये आणखी एक सवलत आहे: सात दिवसांत पोलीस ठाण्यात दाखवलं तर शिक्षा नाही. चालकाच्या लायसनबाबत कलम १३० एकच मोकळीक देतं. ते आधीच कुणा अधिकाऱ्याने जमा करून घेतलं असेल तर त्याची पोच दाखवा. त्या कलमात बाकी मुदत नाही. हा भेद मला पटत नाही, पण आज तो आहे, आणि नसलेल्या हक्काच्या जोरावर भांडणारा माणूस असलेले हक्कही गमावून बसतो.

असलेले हक्क काही कमी नाहीत. लायसन मागणारा पोलीस गणवेशात हवा. लायसन जप्त करायचं तर कलम २०६ प्रमाणे पोच द्यावी लागते आणि त्या पोचीवर ठरावीक तारखेपर्यंत गाडी चालवता येते. लायसन घरी राहिलं म्हणून कुणाला अटक होत नाही. विनावॉरंट अटकेचं कलम २०२ आहे ते धोकादायक किंवा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यासाठी, परवानगीशिवाय दुसऱ्याची गाडी नेणाऱ्यासाठी, आणि गुन्हा करून नाव-पत्ता सांगायला नकार देणाऱ्यासाठी. म्हणून नाव-पत्ता विचारला तर सरळ सांगावा. गाडीची चावी काढून घेण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. चावी काढून घ्या असं या कायद्याचं कोणतंही कलम सांगत नाही. गाडी अडकवून ठेवायचं कलम २०७ आहे, पण ते कलम ३ मोडलं असं मानायला कारण असेल तेव्हाचं. तिथेही गाडी न अडकवता आरसी घेऊन पोच देण्याची सोय कायद्यानेच ठेवली आहे. लायसन असून जवळ नसणाऱ्याची गाडी ठाण्याच्या आवारात नेऊन लावणं हे त्या कलमाच्या मूळ हेतूत बसत नाही.

एक प्रसंग सांगतो, कारण हे काम नीट कसं होऊ शकतं ते त्यात दिसलं. तालुक्याचा आठवडी बाजार होता आणि बाजाराच्या तोंडावरच नाकाबंदी लागली होती. मी शेजारच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. साठीच्या आसपासचे एक शेतकरी बाइकवर मागे वांग्यांचं क्रेट बांधून आले. पंचविशीतल्या कॉन्स्टेबलने थांबवलं.

“काका, लायसन दाखवा.”

“घरी हाय साहेब. ट्रंकेत असतंय.”

ते खोटं वाटावं असं काही नव्हतं. गावाकडे लायसन हा जपून ठेवायचा कागद आहे. सातबारा, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक यांच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत. खिशात ठेवलं तर घामाने खराब होईल, रानात पडेल, ही भीती. फोन साधा, बटणांचा.

“घरी कोण आहे?”

“पोरगी हाय.”

“लावा फोन.”

मुलीने ट्रंक उघडली, कार्ड काढलं, नंबर वाचायला सुरुवात केली. आधी एम एच, मग आरटीओचा आकडा, मग साल, मग सात आकडे. कॉन्स्टेबलने आपल्या फोनवर तो टाकला, काकांना जन्मतारीख विचारली. त्यांना साल आठवलं, तारीख नाही. ती पुन्हा मुलीनेच कार्डावर वाचून सांगितली. पडद्यावर नाव आलं, वैधतेची तारीख आली. चार-पाच मिनिटांचं काम. मग त्याने लायसन जवळ नसल्याची पाचशेची पावती केली आणि सोडलं. काका कुरकुरले. पाचशे रुपये म्हणजे त्या क्रेटमधली बरीचशी वांगी. पण हातात पावती होती, कलम बरोबर होतं आणि गाडी त्यांच्या ताब्यात होती. त्या पोराने केलं ते प्रत्येक नाक्यावर करता येण्यासारखं आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, फक्त पाच मिनिटं द्यायची तयारी लागते.

स्मार्टफोन असणाऱ्यांसाठी हे काम आणखी सोपं झालं आहे. डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहन या अ‍ॅपमधलं लायसन मूळ कागदाइतकंच ग्राह्य धरावं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलून कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवण्याची सोय नियमातच आली. १ ऑक्टोबर २०२० पासून आणखी एक पाऊल पुढे: इलेक्ट्रॉनिक मार्गाने खातरजमा झालेले कागद पुन्हा छापील स्वरूपात मागायचे नाहीत, आणि तपासणी झाली की वेळ व तपासणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवायची, म्हणजे त्याच माणसाला पुढच्या चौकात पुन्हा थांबवावं लागणार नाही. ही दुसरी तरतूद मला फार मोलाची वाटते. रस्त्यावर मात्र तिचा मागमूस क्वचितच दिसतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण यात भले भले फसतात. फोनच्या गॅलरीत ठेवलेला लायसनचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला स्कॅन, किंवा डिजिलॉकरमध्येच पण स्वतः अपलोड केलेली प्रत, ही डिजिटल लायसनं नव्हेत. सरकारी नोंदीतून थेट खेचून आणलेला, ‘इश्यूड’ या भागात दिसणारा दस्तऐवजच ग्राह्य. ते एकदा घरबसल्या करून ठेवायचं, चौकात ओटीपीची वाट बघत करायचं काम नव्हे. आणि ते घरबसल्याही पहिल्या फटक्यात होईलच असं नाही. आपल्याकडे जुन्या लायसनवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं लायसन माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या. नावं जुळली नाहीत की लायसन येत नाही. मग आरटीओत जाऊन दुरुस्ती. यंत्रणेच्या दृष्टीने ही बारीकसारीक तफावत, पण त्या बाईच्या दृष्टीने दोन दिवसांची रजा.

फोनची बॅटरी संपली की डिजिटल लायसनही संपलं. दिवसभर नकाशा चालू ठेवून खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्या पोरांना हे संध्याकाळी कळतं. ताम्हिणीत, आंबोलीत रेंज नसते. त्यामुळे लांबच्या वाटेला कार्ड बरोबर असलेलंच बरं. अर्थात कार्ड हातात आलेलं असेल तर. २०२३ मध्ये राज्यात स्मार्ट कार्डांचा तुटवडा झाला तेव्हा परीक्षा पास होऊन, फी भरूनही लोक महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट बघत होते. त्यांचं लायसन सरकारच्या नोंदीत होतं, खिशात नव्हतं, आणि तो दोष त्यांचा नव्हता.

पाचशे आणि पाच हजार यांच्यामधल्या जागेत काय चालतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाच हजारांची भीती घालायची, गाडी ठाण्यात नेतो म्हणायचं, आणि मग हजारात मिटवायचं. तोडपाणी म्हणतात त्याला. लायसन खरोखर असलेला माणूसही यात सापडतो, कारण त्याला दंड किती ते माहीत नसतं आणि कामावर पोचायची घाई असते. पण सगळा दोष खाकीवर टाकणंही खरं नाही. “काहीतरी बघा ना साहेब” हे पुष्कळदा चालकच आधी म्हणतो. दुसरा नगरसेवकाला फोन लावून हवालदाराच्या हातात देतो. ज्याच्याकडे लावायला फोन नाही, तो पूर्ण दंड भरतो. आणि अशा व्यवस्थेत तोच सर्वात गरीब असतो. २०१८ च्या दुरुस्तीपासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. कुणी भाग पाडलं म्हणून दिली असेल तर सात दिवसांत यंत्रणेला कळवलं तरच सुटका. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तो फोनमध्ये साठवून ठेवावा.

अपघात झाला तर काय, ही भीती खरी मोठी. लायसन जवळ नव्हतं म्हणून विमा कंपनी हात वर करील असं लोकांना वाटतं. विम्याची अट असते ती चालकाकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन असण्याची आणि तो अपात्र ठरवलेला नसण्याची. खिशात असण्याची नव्हे. लायसनच नसेल तर मात्र प्रकरण अवघड होतं. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की नुसतं लायसन नव्हतं म्हणून कंपनीला जखमी किंवा मृताच्या कुटुंबाकडे पाठ फिरवता येणार नाही. मालकाने अट मोडली हे कंपनीने सिद्ध करावं, आणि तसं झालं तरी कंपनीने आधी भरपाई द्यावी व मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. कुटुंबाला पैसे मिळतात, मालकाचं घर बसतं. टेम्पो आणि रिक्षावाल्यांना वर्षानुवर्षं छळणारा आणखी एक वाद ६ नोव्हेंबर २०२४ ला मिटला. हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं हलकं वाहतूक वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभादेवी प्रकरणात ठरवलं. विमा कंपन्या तोवर याच मुद्द्यावर दावे लढवत होत्या.

मुदत संपलेलं लायसन जवळ बाळगणारेही बरेच. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवस ते वैध राहायचं. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता मुदत संपली त्या दिवसापासून तुम्ही कलम ३ मध्ये येता. वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर ठीक, वर्ष उलटलं की पुन्हा वाहन चालवून दाखवायची परीक्षा. तिशीच्या आत काढलेलं लायसन चाळिसाव्या वर्षापर्यंत, तीस ते पन्नास या वयातलं दहा वर्षं, पंचावन्ननंतरचं पाच वर्षं. आईवडिलांच्या कार्डावरची तारीख एकदा बघून घ्यावी. ती मुलांनीच बघायची असते.

आणि मग ते, ज्यांच्याकडे लायसन असूच शकत नाही. क्लासला, कॉलेजला स्कूटर घेऊन जाणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीचं, आणि क्लासबाहेर रांगेने लावलेल्या गाड्या त्याहून कितीतरी मोठ्या असतात. लायसन लागत नाही ते फक्त ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीच्या विजेच्या स्कूटरला. कलम १९९अ प्रमाणे मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा हे कलम घराघरांत माहीत झालं. त्यानंतरही सकाळी सातला क्लासच्या बाहेर तेच दृश्य आहे. इथे नरमाईची वकिली मी करणार नाही. नाक्यावरची सगळी ताकद खरं तर इथे लागायला हवी, आणि ती खर्च होते ट्रंकेत लायसन ठेवणाऱ्यांवर.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एवढंच: कायदा तोच, केंद्राचा. भाड्याने गाडी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात दिली आणि थांबवलं, तर तुमचं लायसन चोख असूनही सुट्टीचा दिवस पोलीस चौकीत जाईल.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना तिथली पद्धत ऐकून माहीत असेल. ब्रिटनमध्ये लायसन बाळगण्याची सक्तीच नाही. पोलिसाने मागितलं आणि जवळ नसलं तर सात दिवसांत तुम्ही निवडाल त्या पोलीस ठाण्यात दाखवायचं. कॅलिफोर्नियात, जिथे आपली हजारो मराठी कुटुंबं आहेत, लायसन बाळगणं सक्तीचं आहे. पण थांबवलं त्या वेळी ते वैध होतं हे न्यायालयात दाखवलं की आरोप रद्द करावा असं कायद्यातच लिहिलं आहे; तिसऱ्यांदा किंवा त्यापुढे तसंच घडलं तर न्यायालय ठरवील. लायसन नसण्याचा गुन्हा तिथे वेगळ्या कलमात आहे. ही व्यवस्था मला न्याय्य वाटते. विसरणाऱ्याला पहिल्यांदा माफी, सारखं विसरणाऱ्याला दंड, आणि नसणाऱ्याला शिक्षा.

लायसन सोबत ठेवण्याची सक्ती आली त्या काळात चालक पात्र आहे हे रस्त्यावर सांगणारा दुसरा पुरावाच नव्हता. नोंदवही आरटीओच्या कपाटात, चालक शंभर मैल दूर. आज ती नोंद ‘सारथी’ या केंद्रीय प्रणालीत आहे आणि पोलिसाच्या हातातल्या यंत्रावरून तिथे पोचता येतं. मग सिद्ध करण्याचा भार एकट्या चालकावर का? कलम १३० मध्ये लायसनसाठीही पंधरा दिवसांची मुदत यावी, आणि नंबर व जन्मतारीख टाकून खातरजमा केल्याशिवाय कलम १८१ ची पावती निघूच नये अशी यंत्रातच सोय करावी. दुसरी गोष्ट राज्याला आजही, संसदेची वाट न बघता करता येईल. खोटं सांगणाऱ्याला ती वाचवणार नाही. उलट दुसऱ्याचा नंबर देणारा जन्मतारखेवर अडकेल.

त्यात एक अडचण उरते ती जुन्या पुस्तकी लायसनवाल्यांची. त्यांचे नंबर आजच्या पंधरा अक्षरांच्या साच्यातले नाहीत आणि अनेकांची नोंद संगणकावर चढलेलीच नाही. त्यांनी खरं सांगितलं तरी यंत्र नाही म्हणेल. ही माणसं बहुतेक खेड्यातली, पन्नाशी-साठीतली आहेत, आणि जिल्ह्याच्या आरटीओत जाणं म्हणजे त्यांचा एक दिवस बुडणं. पण आरटीओचे निरीक्षक ठरलेल्या दिवशी तालुक्याला शिबिर घ्यायला येतातच. त्याच शिबिरात एक टेबल या पुस्तकांसाठी लावावं, पुस्तक बघून नोंद तिथेच चढवावी आणि त्यासाठी एजंटाची गरज पडू देऊ नये.